हँडलची ऊब आणि वायरिंगचा हिशेब

मोटारसायकलवर जादा विजेचे काम करताना कारागिराने काय पाहावे?

पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतील दूधवाले, भाजीवाले, कापडाची गाठोडी घेऊन आठवडी बाजार करणारे फेरीवाले आणि शेतावर जाणारे शेतकरी पहाटेच मोटारसायकलला किक मारतात. डिसेंबर-जानेवारीत परभणी जिल्ह्याचे किमान तापमान कित्येक दिवस दहा अंशांच्या खाली उतरते, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक छापून येतो. अशा थंडीत पहाटे पाच वाजता ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने गाडी चालविणाऱ्याची बोटे अर्ध्या तासात बधिर होतात. बधिर बोटांनी क्लच आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. म्हणजेच हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नसून सुरक्षिततेचाही आहे.

यावर युरोपातील थंड देशांत एक उपाय फार वर्षांपासून रूढ आहे. हँडलच्या मुठीत तापणारी तार बसवितात आणि तिला गाडीच्याच बॅटरीतून वीज देतात. गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही खडबडीत रस्त्यांसाठीच्या मोटारसायकली आल्या. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आणि हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली बाजारात आली. लेह-लडाख आणि स्पितीकडे जाणाऱ्या तरुणांमुळे तापणाऱ्या मुठींचे संच आता शहरातील दुकानांतून आणि घरपोच मागवूनही मिळतात. ग्राहक संच हातात घेऊन वायरमनच्या दुकानात येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, दोनच वायरी आहेत. बॅटरीला जोडून द्या, झालं."

वास्तविक पाहता इथूनच कारागिराची परीक्षा सुरू होते. सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात मुस्लिम समाजातील स्वयंरोजगाराचे मोठे प्रमाण नोंदविले आहे, आणि मोटारदुरुस्ती हा त्यातला एक ठळक व्यवसाय. म्हणून दोन वायरींचे हे काम नेमके कसे करावे, आणि कोणत्या गाडीवर ते करूच नये, याचा विचार येथे करू.

पहिला प्रश्न : गाडीजवळ वीज शिल्लक आहे काय?

गाडीची वीज बॅटरी तयार करीत नाही, इंजिनला जोडलेला मॅग्नेटो म्हणजेच अल्टरनेटर तयार करतो. बॅटरी ही फक्त साठवणीची टाकी आहे. टाकीत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उपसले तर टाकी रिकामी होते, एवढे साधे हे गणित आहे.

मुठींच्या जोडीला पूर्ण तापमानावर साधारण तीस ते पन्नास वॅट वीज लागते. समजा संचावर छत्तीस वॅट असे लिहिले आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. छत्तीस भागिले बारा म्हणजे तीन अँपिअर. परंतु चालत्या गाडीत बारा नव्हे, चौदा व्होल्टच्या आसपास दाब असतो. मुठींचा एकूण रोध चार ओहम धरला, तर चौदा व्होल्टवर साडेतीन अँपिअर जातील आणि खर्च एकोणपन्नास वॅटपर्यंत चढेल. हिशेब नेहमी या वरच्या आकड्यावरच करावा.

आता दुसरी बाजू पाहा. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत सतत पेटता ठेवणे बंधनकारक झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि संगणक हे सारे विजेवरच चालतात. म्हणजे पूर्वी दिवसा जी वीज शिल्लक राहत असे, तिचा काही भाग नव्या गाडीत आधीच खर्ची पडलेला असतो. बॅटरीचा दाब फार उतरला तर अशी गाडी दिवा मंद करून थांबत नाही, इंजिनच बंद पडते.

शंभर-सव्वाशे सीसीच्या कित्येक जुन्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. रेस वाढविली की हेडलाइट वाढतो आणि रेस कमी केली की मंद होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा गाडीत हेडलाइटला मॅग्नेटोतून थेट एसी वीज जाते आणि बॅटरीला चार्जिंग अगदी थोडे मिळते. तिच्या बॅटरीवर मुठी जोडल्या तर बॅटरी उतरणारच. लाइटच्या एसी वायरीवर जोडल्या तर मुठी तापतील, कारण तापणाऱ्या तारेला एसी-डीसीचा फरक पडत नाही, परंतु हेडलाइट मंद होईल. पहाटेच्या अंधारात हात गरम आणि रस्ता काळोखात, हा सौदा कोणत्याही ग्राहकाला परवडणारा नाही. अशा गाडीवर हे काम करू नये.

मीटर काय सांगतो?

गाडीच्या कंपनीने अल्टरनेटरचे वॅट दिलेले असतील तर उत्तम. नसतील तर साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावावा आणि चार वेळा आकडा लिहून घ्यावा.

पहिला, इंजिन बंद असताना. निरोगी आणि भरलेली बॅटरी साडेबारा ते पावणेतेरा व्होल्ट दाखविते. दुसरा, इंजिन मध्यम रेसवर असताना. तो साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा. तिसरा, त्याच रेसवर हेडलाइट, ब्रेकलाइट आणि मुठींइतका भार लावून. भारासाठी पस्तीस-पस्तीस वॅटचा हेडलाइटचा बल्ब तात्पुरता जोडावा. एक तार पेटविली की पस्तीस, दोन्ही पेटविल्या की सत्तर वॅटचा भार होतो. चौथा, तोच भार ठेवून मंद चालीवर.

तिसरा आकडा तेराच्या वर राहिला तर गाडी हा भार सोसेल. तेराच्या खाली गेला तर अल्टरनेटर कमी पडतो आहे आणि उरलेली वीज बॅटरीतून जात आहे असे समजावे. चौथा आकडा बहुतेक गाड्यांत खाली येतोच. म्हणून रेल्वे फाटकावर किंवा बाजाराच्या गर्दीत गाडी उभी असताना मुठी बंद ठेवाव्यात, हे ग्राहकाला सांगणे आवश्यक आहे. लहान गाडीतील चार अँपिअर-तासाच्या बॅटरीवर इंजिन बंद ठेवून मुठी तासभर चालल्या तर सेल्फ लागण्याची आशा धरू नये.

फ्यूज मुठीसाठी नव्हे, वायरीसाठी

आपल्याकडे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या वायरीला मध्येच सोलून जादा कनेक्शन काढणे. काम पाच मिनिटांत होते, मुठी तापतात, ग्राहक खूश होऊन जातो. मग आत काय होते ते पाहा.

लहान गाड्यांत पुष्कळदा सगळ्या गाडीला मिळून एकच मोठा फ्यूज असतो. समजा तो पंधरा अँपिअरचा आहे. त्याच्या पुढे आपण केसासारखी बारीक वायर जोडली आणि ती टाकीखाली घासून हँडलच्या लोखंडाला टेकली. आता त्या वायरीतून दहा-बारा अँपिअर वाहिले तरी पंधराचा फ्यूज उडणार नाही. वायर मात्र लाल होईल, तिचे प्लॅस्टिक वितळेल आणि शेजारच्या वायरीही घेऊन बसेल. वर पेट्रोलची टाकी आहे, हे विसरून चालणार नाही. फ्यूज हा मुठीच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो. म्हणून नव्या वायरीला तिचा स्वतंत्र फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. साडेतीन अँपिअरच्या भाराला पाच अँपिअरचा फ्यूज योग्य. तो वारंवार उडत असेल तर दोष शोधावा. पाचच्या जागी पंधराचा बसविणे किंवा त्यावर तार गुंडाळणे म्हणजे आग लावण्याची तयारी करणे होय.

वायर एक चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी. चौदा पेडांची, प्रत्येक पेड ०.३० मिलिमीटरचा, अशी वाहनाची वायर दुकानात मिळते, तिचे क्षेत्रफळ जवळजवळ एवढेच भरते. बॅटरीपासून हँडलपर्यंत जाऊन-येऊन तीन मीटर धरले तर साडेतीन अँपिअरवर तिच्यात सुमारे ०.२ व्होल्ट खर्च होतात. हीच वायर ०.३ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.६ व्होल्टच्या वर वाया जातात. मुठी कमी तापतात, वायर मात्र विनाकारण तापते.

रिलेची जोडणी

मुठी थेट बॅटरीला जोडल्या तर एक दिवस ग्राहक बटण बंद करायला विसरेल आणि सकाळी गाडी मृत सापडेल. म्हणून किल्ली बंद होताच मुठीही बंद झाल्या पाहिजेत. त्यासाठी हॉर्नला किंवा फॉगलाइटला वापरतात तोच चार पिनांचा रिले लावावा. त्याच्या पिनांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे असतात.

बॅटरीच्या प्लसपासून फ्यूजमधून निघालेली जाड वायर ३० ला द्यावी. ८७ पासून वायर मुठींच्या बटणाकडे न्यावी. ८५ अर्थला द्यावी. ८६ ला किल्ली फिरविताच चालू होणारी वायर द्यावी. मागच्या दिव्याची किंवा ब्रेकच्या बटणाला येणारी वायर किल्लीबरोबर चालू होत असेल तर ती सोयीची. रिलेची आतली गुंडाळी जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे मूळ वायरीवर भार पडत नाही. इंजेक्शनच्या संगणकाला, इग्निशन कॉइलला किंवा कोणत्याही सेन्सरला जाणाऱ्या वायरीला मात्र हात लावू नये.

मुठींची परतीची वायर हँडलला अर्थ करून सोडू नये. हँडल आणि चॅसिस यांच्यामध्ये ग्रीस भरलेल्या गोळ्या असतात, विजेसाठी तो रस्ता भरवशाचा नाही. परतीची वायर थेट बॅटरीच्या मायनसवर आणावी.

जोड देताना वायरी नुसत्या पिळून टेप लावणे टाळावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो आणि पावसाळ्यात तिथेच पाणी शिरते. पानाने दाबून बसविलेल्या बुलेट पिना आणि वरून गरम करून आवळणारी स्लीव्ह हा टिकाऊ मार्ग आहे. शिसे लावून केलेला डाग दुकानात पक्का दिसतो, परंतु जिथे शिसे संपते तिथे वायर ताठ होते आणि पाणंद रस्त्याच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

सर्वांत मोठा धोका : ॲक्सिलेटर

आतापर्यंतच्या चुकांनी बॅटरी किंवा वायर जाते. पुढील चुकीने माणूस जाऊ शकतो.

उजवी मूठ स्थिर नसते, ती फिरते. तिच्यातून निघणारी वायरही तिच्याबरोबर फिरते. ही वायर ताणून बांधली तर मूठ पूर्ण सोडल्यावरही ॲक्सिलेटर मागे येत नाही. वायर सैल सोडली तर ती ब्रेकच्या लिव्हरमध्ये किंवा ॲक्सिलेटरच्या डबीत अडकते. दोन्ही प्रकारांत ग्राहक मूठ सोडतो आणि गाडी पळतच राहते. यासाठी वायरीला छोटा सैल वळसा द्यावा. मूठ चिकटविण्यापूर्वीच ती फिरवून पाहावी आणि वायर कोठेही दबणार नाही अशा जागी तिचे तोंड ठेवावे. मूठ डबीला घासू नये म्हणून मध्ये कागदाच्या जाडीएवढी फट ठेवावी.

जोड झाल्यावर इंजिन मंद चालीवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. रेस वाढता कामा नये. दोन्ही टोकांना मूठ पिळून सोडावी, ती खट्कन मागे आली पाहिजे. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर देऊ नये. खडबडीत रस्त्याच्या गाडीचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर जास्त खालीवर होतात, म्हणून दोघांनी हँडलवर जोर देऊन गाडी दाबून पाहावी. दाबताना वायर ताणली गेली तर तिचा मार्ग बदलावा.

दोन्ही मुठी एकसारख्या नसतात हेही ध्यानात ठेवावे. डावी मूठ हँडलच्या बावीस मिलिमीटरच्या नळीवर बसते. उजवी मूठ प्लॅस्टिकच्या नळीवर बसते, म्हणून तिचे भोक मोठे असते. डावी मूठ कमी तापते अशी तक्रार घेऊन ग्राहक परत येतो. त्यात संचाचा दोष नसतो. लोखंडी किंवा ॲल्युमिनिअमची नळी उष्णता शोषून घेते, प्लॅस्टिक घेत नाही. नळीवर आधी आवळणाऱ्या स्लीव्हचा पातळ थर बसविला तर फरक पुष्कळ कमी होतो.

शेवटी, वीज देण्यापूर्वी मुठीच्या वायरी आणि हँडल यांच्यामध्ये मीटर लावून पाहावा. कोठेही जोड दिसता कामा नये. मग मुठी पूर्ण तापमानावर दहा मिनिटे चालवून प्रत्येक जोडाला बोट लावून पाहावे. जो जोड गरम लागेल तो सैल आहे असे समजावे.

ग्राहकाला खरे सांगण्यात तोटा नाही

समजा एखादा दूधवाला जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर संच लावायचा हट्ट धरून बसला. दुकानदार म्हणतो, "काका, ही गाडी एवढी वीज देणार नाही. आधी हँडलला हँडगार्ड लावून पाहा. वारा अडला की निम्मी थंडी तिथेच थांबते." काका कदाचित नाराज होतील. परंतु म्हणणे खरे आहे. तापणारी मूठ तळहात गरम करते. लिव्हरवरच्या बोटांच्या बाहेरच्या बाजूला वारा लागतच राहतो. वारा अडविल्याशिवाय मुठींचाही पूर्ण उपयोग होत नाही, आणि वारा अडविला तर कित्येकांना मुठींची गरजच पडत नाही. या विक्रीत दुकानाला कमी पैसे मिळतील, पण त्या काकांची गाडी पुढील दहा वर्षे याच दुकानात येईल.

ज्यांना मधुमेहामुळे हाताला चटका कळत नाही, अशा ग्राहकांना मूठ कमी तापमानावरच वापरण्याची सूचना आवर्जून द्यावी. कळले नाही तरी त्वचा भाजतेच.

नव्या गाडीचे काम करताना मूळ वायरिंग कापू नये. मूळ वायरीला दोष आला तर कंपनी वॉरंटीचा दावा नाकारू शकते आणि त्याचा ठपका आपल्यावर येतो. जादा वायरिंग स्वतंत्र ठेवावे आणि कपलर सोडला की ते संपूर्ण निघेल असे करावे. बिलावर फ्यूज किती अँपिअरचा, तो कोठे बसविला, वायर कोणती वापरली आणि मीटरचे चार आकडे काय आले हे लिहून द्यावे. त्याची एक नक्कल दुकानात ठेवावी. उद्या वाद झाला तर हा कागद बोलेल. शिवाय गाडी रात्री परभणीला किंवा पूर्णेला बंद पडली, तर तिथल्या मिस्त्रीलाही फ्यूज शोधण्यासाठी टाकी काढावी लागणार नाही.

एक काम, दहा उपयोग

आपल्या भागात थंडी दोन-अडीच महिन्यांची. केवळ मुठी बसवून कोणाचे दुकान चालणार नाही, हे उघड आहे. परंतु भाराचा हिशेब, स्वतंत्र फ्यूज, योग्य वायर आणि किल्लीवर चालणारा रिले या चार गोष्टी ज्याच्या हाताला बसल्या, त्याला फेरीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा, मोबाइल चार्जिंगचे सॉकेट, जादा हॉर्न आणि ट्रॅक्टरचे मागचे दिवे ही सर्व कामे त्याच रीतीने करता येतात. ती बारा महिने चालतात. त्यासाठी लागणारी हत्यारे म्हणजे एक मल्टिमीटर, पिना दाबण्याचा चांगला पाना आणि स्लीव्हची दोन-तीन मापे. यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही. परभणीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला मुलगा घरात असेल तर ओहमचा नियम त्याने वहीत लिहिलेला असतोच. तो वहीतून बाकड्यावर आणणे हे वडीलधाऱ्या उस्तादाचे काम आहे.

पाच मिनिटांत दोन वायरी पिळून देणारे दुकान प्रत्येक गावात आहे. मीटर लावून "ही गाडी सोसेल" किंवा "ही सोसणार नाही" असे सांगणारे दुकान क्वचित सापडते, आणि एकदा सापडले की ग्राहक ते सोडत नाही. पहाटेच्या अंधारात जो माणूस आपण जोडलेल्या वायरीवर विसंबून घराबाहेर पडतो, त्याने संध्याकाळी सुखरूप परत यावे, एवढे ध्यानात ठेवून हे काम हाती घ्यावे.